पहिल्या पानावरचा लाल रंग

१

'आशेचा खून!'

आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर हे दोन शब्द एवढे मोठे छापले होते की खाली बातमीला अंग चोरून बसावं लागलं होतं. वर फोटो. प्रयोगशाळेतलं पांढरं टेबल, त्यावर झाकणं काढलेल्या प्लास्टिकच्या तबकड्या, तबकड्यांत लालभडक द्रव, शेजारी कुणीतरी काढून टाकलेला तपकिरी-लालसर हातमोजा. मागच्या कपाटाच्या दारावर काळ्या चिकटपट्टीने लावलेला एक कागदी फलक : 'आम्हालाही जगायचं होतं.' हे पाहून कुणाचाही सकाळचा चहा गार झाला असता.

माझा तर झालाच. कारण पोलिसांनी ज्या बाईंना धरलं होतं, त्यांना आत जायचा पास मी मिळवून दिला होता.

पेपरात माझं काम एकच. वाचकांच्या तक्रारी ऐकायच्या, त्या खऱ्या निघाल्या तर आमच्याच लोकांचे कान उपटायचे, आणि शनिवारच्या माझ्या चौकटीत ते सगळं छापायचं. त्या चौकटीतला एक शब्दही संपादकांनी बदलायचा नाही, या अटीवरच मी ही खुर्ची घेतली. संपादक माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे अट घालताना मला लाज वाटली नाही. ऑफिसात मला तोंडावर तक्रारबाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

आता ती प्रयोगशाळा. टेस्ट ट्यूब बेबी केंद्रात काही जोडप्यांचे भ्रूण वापरल्याविना उरतात. जेमतेम पाच-सहा दिवसांचे, टाचणीच्या टोकाएवढे. कुणी ते दान केले तर त्यांतल्या मूळपेशी घेऊन इथे वाढवतात आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी करायचा प्रयत्न करतात. कंपवाताने ज्यांचे हात थरथरतात त्यांना पुढेमागे त्यांचा उपयोग होईल, अशी आशा. अर्धं गाव म्हणत होतं हे वरदान आहे, अर्धं म्हणत होतं ही हत्या आहे, आणि वाहिन्यांवर दोन्ही अर्धी रोज एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. संशोधनाला परवानगी द्यायची की नाही, यावर सोमवारी समिती बसणार होती.

पोलिसांनी धरलेल्या हेडबाई 'हत्या' म्हणणाऱ्यांतल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ मानेच्या. कित्येक महिने रोज संस्थेच्या फाटकासमोर फलक घेऊन उभ्या राहायच्या. मला त्यांचं म्हणणं पटत नव्हतं, अजूनही पटत नाही. पण आमचा पेपर त्यांना 'अडाणी जमाव' म्हणायचा, आणि तो जमाव म्हणजे त्या एकट्याच होत्या. म्हणून पत्रकारांचा दौरा ठरला तेव्हा मी हट्टाने सांगितलं, वाचकांच्या वतीने या बाई आत जातील. ज्याला विरोध करतात ते त्यांनी डोळ्यांनी तरी बघावं.

बुधवारी दहाला सगळे संस्थेच्या हॉलमध्ये जमले. संचालकांनी तासभर भाषण ठोकलं. अकराला सगळे प्रयोगशाळेत शिरले तर आत हे दृश्य. भाषणाच्या शेवटच्या दहा मिनिटांत पाहुण्यांतलं एकच माणूस उठून बाहेर गेलं होतं : हेडबाई. दौऱ्यासाठी प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप लावलेलं नव्हतं.

पोलिसांपुढे बाईंनी दोनच वाक्यं सांगितली. मी हे केलेलं नाही. आणि मी त्या वेळी कुठे होते ते सांगणार नाही.

२

कोठडीतही त्या वर्गात बसाव्यात तशा बसल्या होत्या.

"ये. बस खाली," म्हणाल्या. "तुझ्या पेपराने माझं वय चुकवलंय."

"बाई, वय राहू दे. कुठे होतात ते सांगा, मी आत्ता तुम्हाला सोडवून नेते."

"नाही सांगणार."

"का?"

"कुणाला तरी शब्द दिलाय."

"इथे तुमच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"मग? शब्द काय फक्त सोयीचा असेल तेव्हा पाळायचा?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अशा माणसाला मदत करायची म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. पण खोटं बोलणारी बाई यापेक्षा सोपं काहीतरी सांगते, हेही मला कळत होतं.

"तो फलक तुमचाच ना?"

"अक्षर माझंच. पिशवीत घडी करून ठेवला होता. पण आत जाताना आमच्या पिशव्या बाहेर टेबलावर ठेवून घेतल्या. पत्रकारांना मात्र कॅमेऱ्याच्या बॅगा नेऊ दिल्या. मी तेव्हाच म्हटलं, हा कुठला न्याय?"

"मग तो आत कसा गेला?"

"ते तू शोध. पगार तुला मिळतो." मग त्या पुढे वाकल्या. "आणि तुमच्या त्या पानावर धड काही नाही. मथळा चूक, बातमी चूक, रंगसुद्धा चूक."

आमची छपाई वाईट आहे ही तक्रार मला रोज ऐकावी लागते. मी मान डोलावली आणि उठले.

"बाई, एक विचारू? तुम्ही नाही केलंत, पण तबकड्यांतल्या पेशी मेल्या याचं बरं वाटलं का?"

"नाही," म्हणाल्या. "मला त्यांना पटवून द्यायचं होतं. असं चोरून कुणी मारून टाकलं, यात माझा विजय कसला?"

बाहेर आले तेव्हा माझी खात्री झाली होती की या बाईंनी काही केलेलं नाही. पुरावा मात्र एक कवडीचाही नव्हता, आणि दुपारी जो मिळाला तो नेमका उलट्या बाजूचा होता.

३

प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई बुधवारी सकाळपासून एका वाहिनीच्या चर्चेत अडकल्या होत्या. "तीन वाक्यं बोलायला मिळाली," त्या म्हणाल्या, "आणि त्यातलं एक 'मला बोलू द्या' हे होतं." त्या परतल्या तोवर सगळं संपलं होतं. संचालकांनी 'संसर्ग होईल' म्हणून तबकड्या ब्लीचमध्ये बुडवून टाकायला लावल्या होत्या, आणि ब्लीचमध्ये गेलेल्या तबकडीतून काही वाचता येत नाही. त्यांच्या टेबलावर आता फक्त आमच्या पेपरचं पहिलं पान होतं.

"तुमच्या हेडबाईंचं कठीण आहे," त्या सरळ म्हणाल्या. "हे बघा. पेशींना आम्ही रोज ताजं पोषणद्रव देतो. सुट्टी नाही, सण नाही, तान्ह्या मुलासारखं. त्या द्रवात एक रंग मिसळलेला असतो. इन्क्युबेटर, म्हणजे ते उबदार कपाट, त्यात खास हवा सोडलेली असते. तिच्यात द्रव लालसर राहतो. तबकडी बाहेर काढून उघडी ठेवली की ती हवा उडून जाते आणि द्रव हळूहळू जांभळा पडतो. दीड-दोन तासांत अगदी जांभळा."

"आणि फोटोत लाल आहे."

"लालभडक. म्हणजे तबकड्या अकराच्या जरासं आधीच बाहेर काढल्या. पोलिसांनी विचारलं, मी तेच सांगितलं. मला त्या बाईंचा राग आहे म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून."

दहापासून सगळे हॉलमध्ये होते. जरासं आधी म्हणजे हेडबाईंचीच ती दहा मिनिटं.

"पण मला एक कळत नाही," डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या. "दहा मिनिटांत पेशी मरत नाहीत. झाकण लावून परत आत ठेवायच्या, वाचल्या असत्या काही. कुणी वरून सांगितलं म्हणून लगेच ब्लीचमध्ये? दूध ओट्यावर राहिलं तर आपण आधी वास घेऊन बघतो की नाही? माझी धाकटी तिथे होती. ती इतकी वर्षं हेच करतेय."

धाकटी म्हणजे त्यांची सहायक संशोधक. चाळिशीला टेकलेली बाई, पण प्रयोगशाळेत दोघीच, म्हणून ही धाकटी. ती कोपऱ्यात उभी होती. तबकड्यांना रोज सकाळी सातला द्रव द्यायचं काम तिचं.

"संचालकांनी सांगितलं, मी टाकल्या," ती म्हणाली.

"परत आत ठेवाव्यात असं मनात नाही आलं?" मी विचारलं.

"घाबरले होते."

"सकाळी द्रव दिलात तेव्हा सगळं ठीक होतं?"

"हो." हे 'हो' तिने माझ्याकडे न बघता म्हटलं.

तिच्या हाताशी हातमोज्यांचा खोका होता. बोलता बोलता तिने एक मोजा काढला आणि नुसताच बोटांत गुंडाळत राहिली. मी त्या मोज्याकडे बघत होते. मग टेबलावरच्या पेपरकडे बघितलं. मग पुन्हा मोज्याकडे.

"तुमच्याकडे सगळे हातमोजे याच रंगाचे?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"हेच. वर्षानुवर्षं हेच मागवतो. का?"

मोजा चांगला गडद जांभळा होता. फोटोतला तपकिरी-लालसर होता.

४

आमच्या छायाचित्रकाराला सगळे क्लिक्या म्हणतात. माणूस दिलदार, फोटो उत्तम, आणि अंगात खोड एकच : समोरचं दृश्य त्याला कधी पुरेसं वाटत नाही.

"मूळ फोटो दाखव," मी त्याच्या टेबलाशी उभी राहिले.

"कुठला मूळ?"

"सोंग करू नकोस. पहिल्या पानाचा."

त्याने आढेवेढे घेत पडद्यावर फोटो उघडला. मी खुर्चीच ओढून बसले. तेच टेबल, त्याच तबकड्या, तोच मोजा. मोजा जांभळा. तबकड्यांतला द्रवही जांभळा, अगदी वांग्याच्या सालीसारखा.

हेडबाईंनी मला सांगितलं होतं. रंगसुद्धा चूक. सगळ्या पत्रकारांनी ते जांभळं पाणी डोळ्यांनी बघितलं होतं, दुसऱ्या दिवशी पेपरात लाल वाचलं आणि निमूटपणे लाल मानलं. रंग चुकलाय असं म्हणणारी एकच बाई होती आणि ती कोठडीत होती.

"हा लाल कुणी केला?"

"मीच," क्लिक्या म्हणाला. "पण संपादकसाहेबांनी सांगितलं म्हणून. म्हणाले, जांभळ्यात कसला आलाय खून, थोडा लाल चढव. आपण नेहमीच करतो की! आकाश निळं करतो, पुढाऱ्यांचे गाल गोरे करतो. त्यात काय एवढं?"

"त्यात एक बाई आत गेली आहे, एवढंच."

त्याचा चेहरा उतरला. मी उठणार इतक्यात माझी नजर त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेवर गेली. बॅगेचा पट्टा तुटला होता आणि तिथे रुंद काळी कापडी चिकटपट्टी गुंडाळली होती.

मी पहिलं पान उलगडून त्याच्यापुढे धरलं आणि फलकाच्या चारही कोपऱ्यांवर बोट ठेवत गेले. काळी पट्टी, काळी पट्टी, काळी पट्टी, काळी पट्टी.

"बाईंची पिशवी बाहेर टेबलावर होती," मी म्हटलं. "बॅगा फक्त तुम्हा लोकांच्या आत गेल्या."

"तक्रारबाई, शपथेवर सांगतो—"

"शपथ नको. काय केलंस ते सांग."

क्लिक्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. दौऱ्याआधी पिशव्यांचा फोटो काढताना त्याला बाईंच्या पिशवीतून कागदाचं टोक दिसलं. फाटकाशी बाईंचा एखादा चांगला फोटो मिळेल म्हणून त्याने तो फलक घेऊन ठेवला, नंतर परत देणार होता. प्रयोगशाळेत तो सगळ्यांच्या आधी शिरला, दिवे बघायला. टेबलावर उघड्या तबकड्या. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं, पण नुसत्या तबकड्यांच्या फोटोला कोण विचारतो? त्याने फलक काढला, लावला, आणि बाकीचे आत आले तेव्हा तो आधीच फोटो काढत होता. इतरांनी कॅमेरे उघडायच्या आत संचालकांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

"मला वाटलं, त्यांनीच केलं असणार," तो पुटपुटला. "दुसरं कोण करेल?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. फलक नसता तर ती खोली म्हणजे कुणीतरी तबकड्या बाहेर विसरल्याची खोली होती. हलगर्जीपणा, फार तर एक नोटीस. त्या खोलीत खून आम्ही नेला होता, बॅगेतून, आणि त्यावर रक्तही आम्हीच ओतलं होतं.

पण तबकड्या तर कुणीतरी बाहेर काढल्याच होत्या. आणि आता रंग सांगत होता की त्या अकराच्या जरा आधी नव्हे, दहाच्याही आधीपासून बाहेर होत्या.

५

धाकटी संस्थेच्या मागच्या जिन्यावर भेटली. मी शेजारी बसले.

"मूळ फोटो मी पाहिला," म्हटलं. "जांभळा आहे."

तिने जिन्याच्या कठड्याला डोकं टेकवलं. मी पुढे बोलले.

"बुधवारी त्या खोलीत पंधरावीस माणसं होती. रंग सगळ्यांना दिसला, पण वाचता येणारी तुम्ही एकटीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अनुभवी माणूस तबकडी आधी परत आत ठेवेल. तुम्ही नाही ठेवलीत, कारण त्या केव्हाच गेल्यात हे तुम्हाला दिसत होतं. ठीक. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई तुमच्यासमोर पोलिसांना सांगतात, द्रव लाल होता. तुम्ही म्हणायला हवं होतं, नाही हो, जांभळा होता, मी हाताने टाकल्यात. तोंडाला कुलूप का लावलंत? जांभळा म्हटलं की प्रश्न येणार होता : सकाळी सातनंतर आत कोण होतं?"

"मीच होते," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "सातला गेले, त्यांना द्रव दिला नाही. बाहेर काढल्या, झाकणं उघडली, दार ओढून घेतलं आणि घरी जाऊन अंघोळ केली. विसरले असं सांगणार होते. शिव्या खाणार होते. तयारी केली होती मनाची."

"का?"

तिने एकदम माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ही बाई घाबरलेली नाही, संतापलेली आहे.

"कारण तबकड्यांत त्या भ्रूणाच्या पेशी नव्हत्याच! दुसऱ्या एका प्रयोगातल्या पेशी आहेत आमच्याकडे, तणासारख्या वाढतात. कधीतरी एकच नळी दोन बाटल्यांत बुडली. माझ्याच हातून असेल. एक थेंब पुरतो. महिन्याभरात तणाने पीक खाऊन टाकलं. गोठवून ठेवलेल्या नळ्यांतही तेच आहे, मी तपासलंय. डॉक्टरीणबाई परदेशी होत्या, म्हणून संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, आधी दौरा होऊ दे, समिती होऊ दे, मग बघू. म्हणाले, डॉक्टरीणबाईंशी बोललोय, त्यांनाही मान्य आहे."

"त्यांना काही माहीत नाही."

"ते आता कळतंय मला." तिने डोळे पुसले. "तरीही मी गप्प बसले असते. पण दौऱ्यात ती आई येणार होती. जिने भ्रूण दिला ती. तुमच्याच संपादकांची कल्पना. चेहरा झाकून तिला मोठ्या पडद्यासमोर बसवायचं, आणि हे बघा तुमच्या भ्रूणातून जन्मलेल्या पेशी, असं सांगायचं. ती रडणार, कॅमेरे चालू. आणि पडद्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी तण! ते मी दाखवणार नव्हते. नोकरी गेली तरी दाखवणार नव्हते."

"आणि हेडबाई?"

"त्यांनी केलं नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी त्यांना पाहिलंय त्या दहा मिनिटांत. त्या आईला भाषणाला न बसवता मागे थांबवलं होतं, तिला आणायला मी गेले तर ती बाथरूममध्ये थरथरत बसली होती. सासरी कुणाला माहीत नाही तिच्या. हेडबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. 'मी इथे तुला पाहिलंच नाही,' असं म्हणत होत्या."

म्हणजे हाच तो शब्द. ज्या कामाला त्या पाप म्हणत होत्या, तेच करणाऱ्या मुलीचं घर मोडू नये म्हणून ही बाई कोठडीत बसली होती. मला रडू आवरेना. मी आवरलंही नाही.

"पोलिसांकडे चला," मी म्हटलं. "आईचं नाव घ्यायची गरज नाही. रंग पुरेसा आहे."

"आधी तिच्याकडे जाते," धाकटी उठली. "तिला हे माझ्या तोंडून कळायला हवं, पेपरातून नको."

६

शुक्रवारी संध्याकाळी भावोजींनी मला ऑफिसात नव्हे, घरी बोलावलं. कारण मला ठाऊक होतं. घरी ताई असते, आणि ताईसमोर मी आवाज चढवत नाही.

ताई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिचे हात मांडीवर होते आणि नेहमीसारखे थरथरत होते. कंपवाताला तीन वर्षं झाली. आधी शिवण सुटलं, मग लिहिणं, आता कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो.

माझा मजकूर भावोजींच्या हातात होता. दोन्ही फोटो शेजारी शेजारी, जांभळा आणि लाल. खाली फलक कुणी लावला, रंग कुणी चढवला, आणि तबकड्यांत खरं काय होतं.

"उद्या तुझी चौकट निघणार नाही," ते म्हणाले. "तिथे जाहिरात जाईल."

"आपली अट होती."

"अट गेली खड्ड्यात! बाईंना सोडतायत ना? त्या धाकटीने जबाब दिलाय, काम झालं. आता हे छापून काय मिळणार? सोमवारी समिती आहे. हे वाचून ते संशोधन कायमचं बंद करतील. आणि तुझी बहीण..." ते थांबले.

"बाईंना सोडतील, पण गाव त्यांना खुनीच म्हणत राहील. आपण तसं छापलंय."

"आत एक दुरुस्ती देऊ. दोन ओळी."

"पहिल्या पानावर रक्त आणि आतल्या पानावर दोन ओळी? भावोजी, तुम्ही नाही छापलंत तर हे दोन फोटो घेऊन मी समितीपुढे उभी राहीन. नोकरी उद्याच काढून घ्या."

"तू निर्दय आहेस," ते म्हणाले. "वर्षभर रोज तिला या संशोधनाच्या बातम्या वाचून दाखवल्यात मी. पुढच्या वर्षी इंजेक्शन येईल, त्याच्या पुढच्या वर्षी हात थांबतील. ती झोपते त्याच्यावर."

ते खोटं बोलत नव्हते. माझाही जीव त्याच आशेत अडकला होता.

"अहो," ताई म्हणाली.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

"तो लाल रंग माझ्यासाठी चढवलात का?"

भावोजींनी खाली बघितलं. मग होकारार्थी मान डोलावली.

"मग माझ्यासाठीच उतरवा."

"अगं, पण ते बंद झालं तर—"

"होऊ दे बंद. खरं असेल तर पुन्हा सुरू होईल. आजारी मी आहे, तुम्ही नाही. मला वर्षभर तुम्ही एखाद्या लहान पोरीसारखं खेळवलंत. ती डॉक्टरीण म्हणाली होती, दहा वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. तिचं एकही वाक्य तुम्ही मला वाचून दाखवलं नाहीत." तिने थरथरता हात टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तो झाकला नाही. एरवी ती झाकते. "माझ्या जिवावर कुणाला तुरुंगात घातलेलं मला चालणार नाही. छापा."

भावोजींनी त्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी फोन उचलला आणि छापखान्याला सांगितलं, चौकट नको, पहिलं पान मोकळं करा.

७

सोमवारी समितीचं सभागृह खच्चून भरलं होतं. शनिवारी आमचा अंक संपला होता, आणि रविवारी आम्हाला शिव्या घालणाऱ्यांत दोन्ही बाजूंचे लोक होते. वाहिन्या बाहेर ताटकळत होत्या. संचालकांची प्रकृती अचानक बिघडली होती. क्लिक्या घरी बसला होता, आणि भावोजी शेवटच्या रांगेत होते, ओळखू येऊ नये असे.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. कागद नव्हता. "आमच्या तबकड्यांत जे आहे असं सांगितलं जात होतं, ते नव्हतं. गोठवलेल्या नळ्याही मी तपासल्या. त्यांतही नाही. माझ्या प्रयोगशाळेत हे घडलं, म्हणून जबाबदारी माझी. माझ्या सहायकाने मला आधी सांगायला हवं होतं, आणि तिला ते सांगता येईल अशी जागा मी ठेवायला हवी होती. मला पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. किती वर्षं लागतील माहीत नाही."

लोकांनी आरडाओरडा सुरू केला. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "एवढं खोटं बाहेर आल्यावर आता चर्चा कसली? हा विषय आपण इथेच बंद करू."

"अजिबात नाही!"

हेडबाई उभ्या होत्या. सभागृह चपापलं. ज्या गोष्टीसाठी त्या इतके महिने फाटकाशी उभ्या होत्या ती त्यांना फुकटात मिळत होती.

"हे बंद व्हावं असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "भ्रूण म्हणजे माणूसच, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मरेपर्यंत बदलणार नाही. पण ते मला पटवून जिंकायचंय. कुणाची तरी लबाडी पकडली गेली म्हणून नाही. माझं म्हणणं ऐका, त्यांचं ऐका, मग काय ते ठरवा."

"बरोबर आहे," दुसरा आवाज आला. ताई खुर्चीच्या पाठीला धरून उठली होती. मी हात द्यायला गेले तर तिने तो झटकला. कुणीतरी माईक पुढे केला. तिने तो स्वतःच्या हातात घेतला. माईक हलत होता, आवाज मागेपुढे होत होता, आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

"मी त्या बाजूची," ती म्हणाली. "माझे हात बघा. मला बरं करायचं म्हणून कुणी एकही खोटं सांगू नका. आणि खोटं सापडलं म्हणून खरं काम मारू नका. जे टाकूनच द्यायचं होतं त्यातून एखाद्याचा हात थांबणार असेल तर त्यात पाप काय, ते मला या बाईंनी समजावून सांगावं."

"सांगते," हेडबाई म्हणाल्या. "तुमच्या हातांचं मला फार वाईट वाटतं. तरीही सांगते."

"वाईट वाटून घेऊ नका. मुद्द्याचं बोला."

"मुद्द्याचंच बोलतेय. टाकून द्यायचं ठरवणारे आपण कोण?"

"आणि वाचवायचं नाही असं ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

लोक गप्प झाले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दोन माणसं एकमेकांचं वाक्य पूर्ण होऊ देत होती. अध्यक्षांना ते सहन झालं नसावं. ते घड्याळ बघत उठले आणि म्हणाले, "हे पाहा, वेळ संपलेली आहे—"

"बसा हो खाली!" दोघी एकदमच ओरडल्या.

अध्यक्ष बसले.